हिवाळी भाजीची बाग: नवख्यांसाठी पेरणीपासून काढणीपर्यंत

हिवाळ्याची भाजी म्हटलं की बहुतेक नवीन लोक थंडी पडायची वाट बघत बसतात, आणि थंडी पडली की बी टाकतात. मग बी उगवतं, दोन बोटं वर येतं आणि तिथेच थांबतं ते महिना दोन महिने तसंच राहतं. जिथे रात्री पारा शून्याच्या खाली जातो तिथे हिवाळ्याची भाजी उन्हाळा संपता संपताच पेरावी लागते. ती शरदात वाढते, आणि ऐन हिवाळ्यात ती वाफ्यात नुसती उभी असते, आपण लागेल तशी कापून आणायची. म्हणजे हिवाळी बाग ही खरं तर जमिनीत उभी असलेली साठवण आहे. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं ना की पुढचं सगळं तारखांचं काम आहे आणि ते कुणालाही जमतं.

(महिने मी उत्तर गोलार्धाचे धरलेत, दक्षिण गोलार्धात असाल तर सरळ सहा महिने पुढे ढकला.)

आधी दोन तारखा शोधून वहीत लिहा

पहिली तारीख म्हणजे तुमच्याकडे पहिला फ्रॉस्ट (रात्रीच्या गारठ्यात पानांवर पांढरं गोठून बसणारं दव) साधारण कधी पडतो ती. ही हवामान खात्याच्या जुन्या नोंदींवरून कळते, आणि आसपास कुणी बरीच वर्षं बाग करत असेल तर त्यांना विचारा, ते जास्त नेमकं सांगतात. एक लक्षात ठेवा, अंदाजात जे तापमान सांगतात ते जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आसपास मोजलेलं असतं. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल अशा रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी भरतं, त्यामुळे अंदाज ३ अंशांचा असला तरी पानांवर पांढरं बसलेलं दिसू शकतं. ढगाळ रात्री मात्र जमिनीची ऊब एवढी पटकन निघून जात नाही. कमीत कमी तापमानाची नोंद ठेवणारा साधा थर्मामीटर वाफ्यात पानांच्या उंचीवर लावून ठेवा, या बागेत सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी तारीख लोक विसरतात आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे तुमच्याकडे दिवस १० तासांपेक्षा लहान कधी होतो. फोनवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात त्यावरून लगेच निघते. दिवस १० तासांच्या खाली गेला की उजेडच इतका कमी पडतो की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, मग तुम्ही वरून कितीही ऊब द्या. ४० अंश अक्षांशावर हा काळ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत असतो, आणखी उत्तरेला गेलात की तो लांबत जातो, ५० अंशांवर ऑक्टोबर संपतानाच सुरू होतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातले शेतकरी इलियट कोलमन यांनी हा दहा तासांचा हिशोब लोकांमध्ये रुजवला, आणि अगदी साधं कव्हर वापरून बर्फाच्या प्रदेशात वर्षभर भाजी काढून दाखवली. तर आपलं उद्दिष्ट काय, की या दुसऱ्या तारखेपर्यंत झाड जवळपास पूर्ण वाढलेलं पाहिजे.

काय लावायचं आणि काय नाही

टोमॅटो, मिरची, वांगं, भोपळावर्गातल्या भाज्या, घेवडा, तुळस यांचा विषयच सोडा, पारा शून्याला टेकला की ही काळी पडून लोळतात.

हलका फ्रॉस्ट, म्हणजे उणे १-२ पर्यंत, सोसणाऱ्यांमध्ये लेट्यूस, बीट, फ्लॉवर, मुळा, स्विस चार्ड, कोथिंबीर येतात. यांना शरदात काढून संपवायचं किंवा वर कव्हर द्यायचं. वाटाण्याचं थोडं वेगळं आहे, त्याचा वेल थंडी सोसतो पण फुलं आणि शेंगा सोसत नाहीत, म्हणून शरदात वाटाणा लावून शेंगांची आशा धरण्यापेक्षा कोवळे शेंडे खुडून खायला लावा.

आणि खरी कणखर मंडळी म्हणजे केल (कोबीवर्गातली गड्डा न धरणारी पालेभाजी), पालक, लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी), ब्रसेल्स स्प्राउट (इवल्या गड्ड्यांची कोबी), कोलार्ड (केलसारखीच पालेभाजी), पार्सनिप (गाजरासारखं फिकट मूळ), कॉर्न सॅलड (सॅलडची छोटी पालेभाजी), लसूण. पूर्ण वाढलेला आणि हळूहळू थंडीची सवय झालेला केल उणे १० च्या आसपास उघड्यावर उभा राहतो, पालक उणे ६-७ सहज काढतो, कॉर्न सॅलड तर त्याहूनही खाली जातं. गाजर यांच्यातच धरा, पाला मेला तरी मातीखालचं मूळ शाबूत राहतं. बी घेताना पाकिटावर वाण बघून घ्या कारण एकाच भाजीत फार फरक असतो, उन्हाळी लीक उंच आणि बारीक होतो आणि लवकर गारठतो, हिवाळी लीक बुटका, जाड, निळसर पानांचा असतो आणि तोच आपल्याला पाहिजे.

"हळूहळू सवय" हे शब्द मी उगाच नाही वापरले. दिवसेंदिवस गारवा वाढत गेला की झाड पेशींमध्ये साखर साठवतं, साखरेच्या पाण्याला गोठायला शून्यापेक्षा कमी तापमान लागतं, म्हणून पेशी आतून गोठत नाहीत, बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या जागेत धरतो. म्हणूनच फ्रॉस्ट खाल्लेलं गाजर, केल आणि पार्सनिप गोड लागतं. पण तेच झाड उबदार खोलीतून एका रात्रीत उणे ५ मध्ये नेऊन ठेवलं तर मरतं, कितीही कणखर जात असली तरी.

पहिल्याच वर्षी असाल तर केल, पालक, गाजर आणि लसूण एवढंच करा. ब्रसेल्स स्प्राउट मोह पाडतो पण तो रोप लावल्यापासून ९० ते १२० दिवस घेतो आणि जागाही खूप खातो, तो पुढच्या वर्षी.

तारीख उलटी मोजायची

बियांच्या पाकिटावर किती दिवसात तयार होते ते लिहिलेलं असतं. मुळा २५-३० दिवस, पालक ४०-५०, केल ५५-६५, गाजर ७०-८० असे ढोबळ आकडे धरा. हे आकडे मोठ्या दिवसांचे असतात, शरदात दिवस रोज आखडत जातो म्हणून त्यात आणखी दोन आठवडे मिळवायचे, आणि मग पहिल्या फ्रॉस्टच्या तारखेपासून तेवढे मागे जायचं. समजा पहिला फ्रॉस्ट १ नोव्हेंबरला पडतो आणि गाजर ७५ दिवसांचं आहे, तर ७५ अधिक १४ म्हणजे ८९ दिवस मागे, पेरणी ४ ऑगस्टच्या आसपास आली. ऑगस्टमध्ये हिवाळ्याची पेरणी हे ऐकायला विचित्र वाटतं पण तारीख तीच आहे. आता तुमच्याकडे १० तासांची तारीख फ्रॉस्टच्या आधी येत असेल तर त्या तारखेपासून मागे मोजा. आणि पाकिटावरचे दिवस बी पेरल्यापासूनचे आहेत की रोप लावल्यापासूनचे हे नीट वाचा, कोबीवर्गात बहुतेक वेळा रोपापासूनचे असतात, म्हणजे रोप तयार करायचे चार ते सहा आठवडे वेगळे.

पालक आणि मुळा एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडा थोडा पेरा. शरदाचा काही भरवसा नाही, एखादं वर्ष गारवा लवकर येतो एखादं उशिरा, तीन-चार हप्त्यात पेरलं तर त्यातला एक तरी बरोबर जमतो.

जागा आणि वाफा

सूर्य हिवाळ्यात खाली असतो, सावल्या लांब पडतात. ऑगस्टमध्ये दिवसभर उन्हात असलेला वाफा डिसेंबरमध्ये घराच्या नाहीतर कुंपणाच्या सावलीत जाऊ शकतो, म्हणून जागा ठरवताना दक्षिणेला काय उभं आहे ते बघा. उतार असेल तर तळाची जागा टाळा कारण गार हवा जड असते, ती वाहत जाऊन खोलगट भागात साचते आणि फ्रॉस्ट तिथे आधी पडतो. पाठीशी भिंत मिळाली तर फारच छान, वारा अडतो आणि दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब सोडते.

माती निचऱ्याची पाहिजे, हिवाळ्यात थंडीपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने जास्त झाडं जातात. गादीवाफा केला तर उत्तम. उन्हाळी पीक काढल्यावर दोन-तीन सेंटीमीटर चांगलं कुजलेलं कंपोस्ट पसरा, वरवर मिसळा, झालं.

उन्हात पेरणी: इथेच बहुतेकांचं घोडं अडतं

थंडी आवडणाऱ्या भाज्यांचं बी आपल्याला ऐन उन्हात रुजवायचं असतं आणि ते त्यांना बिलकुल आवडत नाही. मातीचं तापमान २७-२८ च्या वर गेलं की लेट्यूसचं बी झोपून राहतं, ३० च्या पुढे पालकही फार कमी उगवतो. मग लोक म्हणतात बी खराब होतं, दुकानदाराने फसवलं. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं, माती तापलेली असते.

उपाय सोपे आहेत. पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा भरपूर भिजवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेरा, वर शेडनेट बांधा. लेट्यूस आणि केल तर सरळ ट्रेमध्ये घरातल्या थंड कोपऱ्यात रुजवा, कोंब दिसले रे दिसले की उजेडात आणा नाहीतर रोपं लांबट आणि लेचीपेची होतात. चार-पाच पानांची झाली की आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करा आणि मग वाफ्यात लावा, शक्यतो ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी.

गाजराला मात्र जागा बदललेली चालत नाही, मूळ वाकडं होतं, त्यामुळे ते थेट वाफ्यातच. आणि गाजराचं बी उगवायला एक ते तीन आठवडे घेतं, तेवढे दिवस वरची माती एकदाही वाळता कामा नये, उन्हात हे अवघड जातं. म्हणून हे करा: बोटाने एक सेंटीमीटर खोल रेघ ओढा, रेघेत पाणी ओता, बी टाका, माती सारखी करा, पुन्हा हलकं पाणी द्या आणि वर सरळ एक लाकडी फळी ठेवून द्या. फळीखाली माती ओली आणि गार राहते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज सकाळी फळी उचलून बघायचं, खाली दोऱ्यासारखे पांढरट-हिरवे वाकलेले कोंब दिसले की त्याच दिवशी फळी काढायची, एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब पिवळे पडून आडवे होतात. फळीला खालून गोगलगायी चिकटलेल्या असतात त्या पण तेव्हाच उचलून टाका.

वाढीचे दिवस

विरळणी करताना हात आखडू नका, नवीन माणसाला उगवलेलं रोप उपटायला जिवावर येतं पण दाटीत उभी असलेली रोपं बारीकच राहतात आणि हवा न खेळल्याने बुरशी धरतात. गाजर ५ सेंटीमीटरवर एक, पालक ८ ते १० वर, लेट्यूस २० ते २५ वर, केल ३० ते ४५ वर. उपटलेला पालक आणि केल खाऊन टाका, कोवळा असतो, मस्त लागतो. लीकचं रोप पेन्सिलएवढं जाड झालं की १५ सेंटीमीटर खोल भोक पाडून त्यात सोडायचं आणि भोक मातीने न बुजवता फक्त पाण्याने भरायचं, माती आपोआप आत बसते आणि दांडा लांब पांढरा होतो.

कोबीवर्गावर शरदात पांढरी फुलपाखरं घिरट्या घालताना दिसली की समजा पानाखाली अंडी पडली. पहिल्या दिवसापासून बारीक जाळी टाकलेली असेल तर हा त्रासच नाही. जाळी नसेल तर दर दोन दिवसांनी पानं उलटून बघा, हिरव्या अळ्या देठाशी शिरेला लागून बसतात आणि पटकन दिसत नाहीत, हाताने वेचा, फारच झाल्या तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) फवारा. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो.

खताबद्दल एकच सांगतो, पहिल्या फ्रॉस्टच्या आधी महिना-दीड महिना नत्र (नायट्रोजन) देणं बंद करा. उशिरा दिलेल्या नत्राने झाड कोवळं लुसलुशीत होतं आणि पहिल्याच कडक रात्रीत भाजतं.

कव्हर

सगळ्यात सोपं म्हणजे बागेचं पांढरं न विणलेलं कापड. हलकं कापड एक-दोन अंशांचं संरक्षण देतं आणि ८५ टक्क्यांच्या आसपास उजेड आत सोडतं. जाड कापड तीन-चार अंश देतं पण उजेड बराच अडवतं, अगदी निम्म्यापर्यंत, म्हणून जाड कापड कडाक्याच्या रात्रींपुरतं टाका आणि सकाळी काढा, कायमचं ठेवायचं तर हलकं. कापड पानांवर टेकू देऊ नका, ओलं कापड पानाला चिकटून गोठलं की नेमकं तेवढंच पान जळतं. जाड तारेच्या किंवा प्लास्टिक पाइपच्या कमानी वाफ्यावर रोवा, त्यावर कापड ताणा, कडांना माती नाहीतर दगड. वारा कुठून तरी फट शोधतोच, त्यामुळे कडा सगळ्या बाजूंनी दाबा.

कमानींवर प्लास्टिक टाकलं की छोटा बोगदा तयार होतो, तो जास्त उबदार पण त्याला रोजचं लक्ष लागतं. जुन्या खिडकीची काच आणि चार फळ्या यांची झाकणपेटी पण होते, मागची बाजू उंच, पुढची बुटकी, तोंड दक्षिणेकडे. या दोन्हीत धोका थंडीचा कमी आणि उन्हाचा जास्त असतो. बाहेर ५ अंश असले तरी स्वच्छ उन्हात आत तासाभरात २५-३० होतात, झाडाने महिनाभर कमावलेला कणखरपणा त्या उबेने उतरतो आणि रात्री पारा पडला की ते गारठतं. आत १५ च्या वर जायला लागलं की फट उघडा, आणि ऊन उतरायच्या आधी, दुपारी तीनच्या सुमारास, बंद करा म्हणजे थोडी ऊब आत राहते. रोज उघड-बंद करणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या नादी लागू नका, कापडच बरं.

गाजर आणि पार्सनिपला वेगळं आच्छादन. माती चांगली गार झाली की, पण गोठायच्या आधी, वाफ्यावर १५ ते २० सेंटीमीटर वाळका पाला किंवा पेंढा टाका, वर जाळी नाहीतर फांद्या ठेवा म्हणजे उडत नाही. खालची माती मऊ राहते आणि जानेवारीत सुद्धा खणता येते. त्याआधी गाजराच्या माना वर दिसत असतील तर मातीने झाका. आच्छादनात उंदीर घर करतात, त्यामुळे फार लवकर टाकू नका आणि अधूनमधून उचलून बघत जा.

बर्फ पडला तर वाफ्यावरचा तसाच राहू द्या, भुसभुशीत बर्फ चांगलं पांघरूण असतं. फक्त बोगद्यावरचा मऊ झाडूने लोटून टाका, वजनाने कमानी बसतात.

पाणी

हिवाळ्यात पाणी कमी लागतं पण लागतंच. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वरून कोरडा वारा पानं सुकवत असतो, बरीच झाडं थंडीने मेली असं वाटतं ती खरं तर वाळून मेलेली असतात. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते, म्हणून कडाक्याची थंडी येणार असं कळलं की एक-दोन दिवस आधी सकाळच्या वेळी मुळाशी पाणी द्या, पानांवर नको. बोगद्याखाली पाऊस पोहोचत नाही हे विसरू नका.

काढणी

सकाळी सकाळी केल बघायला गेलात तर घाबराल. पानं काचेसारखी कडक, रंग काळपट हिरवा, देठातून खाली लोंबलेली, बोट लावलं तर कडकन मोडतील अशी. त्यांना हात लावू नका. गोठलेलं पान कापून आत आणलं की वितळून लिबलिबीत होतं, आणि नुसतं चुरगळलं तरी तिथे नंतर काळा डाग पडतो. ऊन चढू द्या, अकरा-साडेअकरापर्यंत तीच पानं पुन्हा ताठ उभी राहतात, तेव्हा कापा. पालकाचंही तसंच.

केलची खालची पानं आधी, मधला शेंडा कायम ठेवायचा. पालकाची बाहेरची पानं घ्या, गाभा राहू द्या. १० तासांच्या खालच्या दिवसांत कापलेलं पान परत येत नाही असंच धरून चाला, म्हणून आठवड्याला किती लागतं त्याच्या हिशोबाने झाडांची संख्या आधीच ठरवा, चार झाडांवर अख्खा हिवाळा निघणार नाही.

लसूण वेगळाच

लसूण शरदात लावायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात काढायचा. त्याला थंडी लागतेच, काही आठवडे १० अंशांच्या खाली गेले नाहीत तर पाकळ्या नीट सुटत नाहीत, अखंड गोळा तयार होतो. जमीन गोठायच्या तीन-चार आठवडे आधी गड्डा फोडून मोठ्या पाकळ्या निवडा, टोक वर ठेवून ५ सेंटीमीटर खोल, एकमेकींपासून १० ते १५ सेंटीमीटरवर लावा आणि वर पेंढा टाका. बारीक पाकळ्या स्वयंपाकात वापरा, त्यांचा गड्डा बारीकच होतो.

कुंडीत करायचं असेल तर

जमते, पण कुंडीतली माती चारी बाजूंनी गोठते त्यामुळे वाफ्यात उणे ८ सोसणारा पालक कुंडीत त्याच्या आधीच मान टाकेल. मोठी कुंडी घ्या, २०-२५ लिटरच्या पुढची, सगळ्या कुंड्या भिंतीला लागून एकमेकींना चिकटवून ठेवा, भोवती गोणपाट गुंडाळा. मातीच्या कुंड्या गोठून तडकतात, प्लास्टिकच्या किंवा कापडी पिशव्या बऱ्या.

दिवस परत मोठे व्हायला लागले की

दिवस १० तासांच्या वर गेला की बाहेर अजून बर्फ असला तरी वाढ पुन्हा सुरू होते, पालकाच्या मधून नवी फिकट पानं दिसायला लागतात. आता थोडं कंपोस्ट टाका, कव्हर दुपारी उघडं ठेवायला लागा. ही हिवाळा काढलेली झाडं नव्या पेरणीच्या कितीतरी आधी पानं देतात, पण यांची घाई असते, केल, गाजर, लीक, बीट यांनी थंडी खाल्लेली असते त्यामुळे ऊब वाढली की फुलावर जातात. केलचे कोवळे कळे फुलं उमलायच्या आधी खुडून भाजीत घाला, छान लागतात. गाजरं आणि पार्सनिप मात्र नवा पाला जोरात फुटायच्या आधी सगळी खणून काढा, एकदा मधून दांडा निघाला की आतला गाभा लाकडासारखा होतो आणि मग ते फक्त कंपोस्टच्या कामाचं.